पिवळ्या धोब्यांचा लांबलेला मुक्काम

निरोपाची भेळ मी लागोपाठ दोन वर्षं जिंकले, हे आधीच सांगून टाकते. मागाहून सांगितलं तर कबुलीजबाब वाटेल. तसा तो आहेच.

आमच्या तालुक्याच्या गावात पक्षी बघणाऱ्यांचा अकरा जणांचा गट आहे. बार्शीहून तासाभरावरचं हे गाव. इथे पक्षी म्हटलं की माणसांना आधी कोंबडी आठवते. रविवारी पहाटे आम्ही खडकसांगवीच्या तलावावर जातो, मोजतो आणि दुपारच्या आत आकडे मोबाइलवरच्या गटावर टाकतो. फाल्गुन लागला, पाहुणे पक्षी परतायला लागले, की गटावर नुसती झुंबड उडते. पळसावर भोरड्या किती आल्या, चक्रवाक गेले की अजून आहेत, यंदा निळकंठी का दिसली नाही. मेडिकल दुकानवाले कटारिया तर गिऱ्हाइकाच्या हातात खोकल्याचं औषध ठेवता ठेवता आकडे टाइप करतात.

हंगाम संपला की भेळ. जो शेवटचा पाहुणा पक्षी पाहील, त्याला उरलेल्या दहांनी स्टँडसमोरच्या गाड्यावर पोटभर खायला घालायचं. ही प्रथा काझी सरांनी पाडली, सव्वीस वर्षांपूर्वी. तेव्हा ते हायस्कूलमध्ये भूगोल शिकवत. त्यांचं म्हणणं असं की पहिला पक्षी कुणालाही दिसतो, कारण सगळेच बघत असतात. शेवटचा दिसायला चिकाटी लागते.

चिकाटी माझ्यात नाही, ईर्षा भरपूर आहे. सगळे आंब्याच्या मागे लागले की मी एकटी रोज संध्याकाळी तलावावर जायची. शेवटी उरायचा तो बहुतेक पिवळा धोबी. चिमणीएवढा पक्षी, लांब शेपूट सारखी वरखाली हलवणारा. भाद्रपदात मध्य आशियातून, सैबेरियातून येतो, हिवाळा आमच्याकडे काढतो. दिवसभर शेतात किडे टिपतो आणि सूर्य मावळताना हजारोंच्या थव्याने तलावाकाठच्या पाणकणसात झोपायला उतरतो. चैत्रात नर हळद फासल्यासारखे पिवळे होतात आणि एका संध्याकाळी निघून जातात. काझी सरांच्या वहीत सगळ्यात उशिराची तारीख होती अठ्ठावीस एप्रिल.

दोन वर्षांपूर्वी मी चार मे नोंदवली. गेल्या वर्षी तेरा मे. आणि यंदा, मेच्या तीन तारखेला, मी पाणकणसात उतरणारे धोबी मोजले ते दोन हजार तीनशे चाळीस. एक नाही, दोन नाही, अख्खी वस्ती! मी आकडा गटावर टाकला आणि खाली लिहिलं, "यंदाही भेळ माझीच, कांदा जास्त घाला." अंगठ्यांचा पाऊस पडला. कटारियांनी तर "पक्ष्यांना आपलं गाव आवडू लागलं" असं लिहून पेपरात बातमी द्यायचीही तयारी चालवली.

काझी सरांनी अंगठा दिला नाही. त्यांचा फोन आला.

"हर्षदा, उद्या संध्याकाळी तलावावर ये. मोजायचं नाही. नुसतं बघायचं."

सर सत्तरीच्या पुढचे. गुडघे दुखतात म्हणून बांधावर घडीची खुर्ची टाकून बसतात. मी शेजारी दगडावर. ऊन उतरलं तरी वारा भट्टीतून आल्यासारखा होता, पारा त्रेचाळीसच्या वर. तलाव अर्धा आटलेला. पावणेसातला धोबी यायला लागले. सूर्य टेकला तसा पाणकणसातून सगळा थवा एकदम उठला. तलावावर एक फेरा घेतला, पूर्वेकडे निघाला, अर्ध्या मैलावरून परत आला. मग दक्षिणेकडे. परत. चार वेळा उठले, चार वेळा पडल्यासारखे खाली आले. कलकल थांबतच नव्हती.

"आनंदानं उडतायत का हे?" सरांनी विचारलं.

दोन वर्षं मी हेच बघत होते आणि डोळ्यांसमोर फक्त तारीख दिसत होती.

"जायचंय त्यांना," सर म्हणाले. "वसंत आला की स्थलांतर करणाऱ्या पक्ष्याच्या अंगात बेचैनी भरते. पिंजऱ्यात कोंडलेला असला तरी संध्याकाळी तो नाचायला लागतो, आणि ज्या दिशेला जायचं त्याच बाजूच्या गजांवर धडका देतो. शरीर सांगतं, नीघ. पण कुठे, हे सांगणारं काहीतरी बिघडलंय."

मग त्यांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेला एक मेलेला धोबी काढला. सकाळी काठावर सापडलेला. मी हातात घेतला. प्रवासाला निघायच्या आधी हे पक्षी खाऊन खाऊन चरबी साठवतात, दीडपट होतात. याच्या छातीचं हाड बोटाला सुरीच्या पात्यासारखं लागलं.

"अशा अकरा नोंदी आहेत या आठवड्यात. रोज संध्याकाळी उडतात, साठवलेलं जाळतात आणि तिथेच उतरतात. पंधरा दिवसांत तलावाचा चिखल वाळेल, किडे संपतील. मग ही सगळी वस्ती आपल्या पायाशी मरेल." सरांनी तो माझ्या हातातून परत घेतला. "हर्षदा, तुमचे खांब कधी लागले?"

मला राग आला. कारण उत्तर मला माहीत होतं.

खांब माझे नव्हते, पण सांभाळत मी होते. आमच्या पाणी सोसायटीत मी तंत्रज्ञ आहे. ठिबकच्या प्रत्येक व्हॉल्व्हला आणि मातीतल्या प्रत्येक ओलमापकाला वीज लागते. तारा टाकल्या तर उंदीर कुरतडतात, बॅटरी लावली तर आमच्या उन्हात वर्षभरात फुगते. म्हणून तीन वर्षांपूर्वी बिनतारी खांब आले. पाच मीटर उंच, तीन एकराला एक. खांब भोवताली रेडिओलहरी सोडतो, व्हॉल्व्हमधली तांब्याची गुंडाळी त्या पकडते आणि तेवढ्या विजेवर व्हॉल्व्ह आपोआप उघडतो, मिटतो. पाणी निम्म्याने वाचलं. मुख्य म्हणजे अंधारात शेतात जायची गरज संपली. माणसाला अपाय नाही, जनावराला नाही, मधमाशीवरसुद्धा तपासून झालं होतं. धोब्याला कुणी विचारलं नव्हतं.

"लहरी फार क्षीण असतात, सर. हाताला झिणझिणीसुद्धा येत नाही."

"त्याच्या डोळ्यात एक प्रथिन असतं, ते याहून क्षीण गोष्ट ओळखतं. पृथ्वीचं चुंबकत्व. निघायच्या आधी, सूर्य मावळताना, पक्षी जमिनीवर बसून आपलं होकायंत्र जुळवून घेतो. आपल्या जुन्या रेडिओच्या मिडियम वेव्हच्या पट्ट्यात खरखर असेल तर ते प्रथिन गोंधळतं, असं प्रयोगांत दिसलंय. तुमचे खांब कोणत्या पट्ट्यात चालतात?"

"त्याच," मी म्हणाले.

पण मी अशी सहज मान्य करणारी नाही. मी पुरावा मागितला. सरांच्या घरी वनखात्याला कळवून ठेवलेला एक नर होता, तारेला धडकलेला, आता पंख बरा झालेला. आम्ही परातीत ज्वारीचं पीठ पसरलं, त्यावर त्याला सोडलं आणि वरून कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घातलं. सूर्यास्ताच्या वेळी अर्धा तास. डालगं उचललं तर पिठात पावलंच पावलं, सगळ्या बाजूंना, गर्रर्र फिरलेली. सरांच्या घरापासून खांब दीडशे मीटरवर होता.

दुसऱ्या दिवशी तीच परात, तेच पीठ, तोच पक्षी घेऊन आम्ही बालाघाटच्या डोंगरावर गेलो. तिथे पाच किलोमीटरमध्ये खांब नाही. अर्ध्या तासाने बघितलं तर तीन बाजूंचं पीठ जवळजवळ कोरं, आणि उत्तर-वायव्येच्या कडेला पावलांनी पीठ उकरून परातीचं पितळ दिसत होतं. सैबेरियाची दिशा. मग मी बॅगेतून खांबाचं चाचणीचं यंत्र काढलं, डब्याएवढं, आणि चालू केलं. नवं पीठ पसरलं. दहा मिनिटांत पावलं पुन्हा गोल फिरली.

मी यंत्र बंद केलं. सर म्हणाले, "आता सोडूया." थोडा वेळ त्याला तसंच बसू दिलं आणि डालगं उचललं. तो पिठातच बसून राहिला, शेपूट वरखाली करत. मग उठला आणि उत्तरेकडे सरळ गेला, एकदाही न वळता. मला रडू आलं. दोन वर्षं मी या मुक्कामाची भेळ खाल्ली होती.

"रोज सूर्यास्ताच्या आधी तासभर आणि नंतर तासभर खांब बंद राहिले पाहिजेत," सर म्हणाले. "एकदा वर गेले की लहरी पोचत नाहीत. पण निघताना शांतता हवी. तीन-चार संध्याकाळी पुरतील."

म्हणायला सोपं होतं. सोसायटीचा चेअरमन म्हणजे माझा थोरला भाऊ, भारतदादा.

लग्न मोडून मी माहेरी आले तेव्हा दादाने घरात जागा दिली आणि शालनवहिनीने मनात. तेव्हा शेतीला वीज रात्रीची मिळायची. रात्रीची पाळी आली की बॅटरी घेऊन उसात जायचं आणि एका सरीचं पाणी दुसऱ्या सरीत वळवायचं. याला आमच्याकडे दारं धरणं म्हणतात. आठ वर्षांपूर्वी दादा तापाने फणफणला होता, म्हणून वहिनी गेली. विहिरीकडच्या तुकड्यात तिला घोणस चावली. गाडी मिळून बार्शीला पोचेपर्यंत उशीर झाला होता. त्या दिवसापासून दादाने त्या तुकड्यात पाय ठेवलेला नाही. नंतरची पाच वर्षं त्याने मुंबई, पुणे, बँका, मंत्र्यांचे बंगले पालथे घातले आणि तालुक्यात पहिले खांब आणले. पहिला खांब लागला तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला होता, "आता अंधारात कुणाची बाई उसात जायची न्हाई."

धरणाच्या पाइपलाइनचं पाणी आमच्या गावाला संध्याकाळी साडेसहा ते दहा मिळतं. सहाला खांब बंद केले तर आठपर्यंत व्हॉल्व्ह उघडणारच नाहीत, आणि उन्हाळ्यात पाळीतला दीड तास कुणी सोडत नाही. ते हाताने उघडायचे, म्हणजे तिन्हीसांजेला माणूस उसात घालायचा. मी दादाकडे हे मागायला जाणार होते.

तो ओसरीवर चहा पीत होता. मी सगळं सांगितलं. पीठ, परात, प्रथिन. त्याने ऐकून घेतलं.

"किती पाखरं म्हणलीस?"

"दोन हजार तीनशे. तलावावरची. बाकीकडची वेगळी."

"आन् माणसं किती हायत गावात?"

"दादा, चार दिवसांचा प्रश्न आहे."

"शालन एकाच रात्री गेली." त्याने कप खाली ठेवला. "तुला काय, हर्षे. बांधावर बसून दुर्बीण लावायची. उंटावरनं शेळ्या हाकायला काय जातंय? उद्या उसात कुणाला काय झालं तर त्याच्या घरी तू जाशील सांगाया, का तुजे काझी सर जातील?"

"पण ती मरतायत."

"मरू देत. माझा निर्णय झाला." तो उठून आत गेला. मला त्याचा राग आला, आणि त्याचं खरं होतं याचा त्याहून जास्त आला.

त्या संध्याकाळी मी चुकीचं वागले. खांबांची मुख्य कळ माझ्या ताब्यात असते. सहा वाजता मी ती बंद केली आणि "तांत्रिक बिघाड, आठ वाजता सुरू होईल" असा निरोप सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवला. मला वाटलं, दीड तास पाणी उशिरा सुटेल, कुणाच्या लक्षातही येणार नाही. मी स्वतः शेतकऱ्याच्या घरची, आणि मे महिन्यात पाण्याची पाळी चुकली तर कुणाच्या लक्षात येणार नाही, असं मला वाटलं! तलावावर निघाले तर वाटेत विहिरीकडच्या तुकड्याच्या बांधावर कुणीतरी उभं दिसलं.

दादा होता. पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, हातात काठी, दुसऱ्या हातात बॅटरी. अजून उजेड होता तरी बॅटरी चालू. उसाच्या पहिल्या सरीपासून हातभर अंतरावर तो उभा होता आणि त्याला आत जाता येत नव्हतं. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"बिघाड झालाय म्हनं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "गडी म्हनला मी जातो उघडाया. त्येची बायको दारात हुबी. त्येला कसं पाठवू? म्हनून मीच आलो. अर्धा तास झाला. पाय उचलंना."



"दादा, बिघाड नाहीये. मी बंद केलंय."

त्याने बॅटरी माझ्या तोंडावर धरली. मला वाटलं, आता हात उगारेल. लहानपणीसुद्धा त्याने कधी उगारला नव्हता.

"विचारायचं न्हाईस का?"

"विचारलं होतं. तू नाही म्हणालास."

"मग न्हाई म्हंजे काय असतं, हर्षे?"

मी म्हटलं चुकलं, आणि मोबाइल काढून कळ चालू केली. उसात व्हॉल्व्ह उघडल्याची फस्स ऐकू आली. मी तिथेच बांधावर बसले आणि रडत रडत जे मनात होतं ते बोलून टाकलं. की वहिनी गेली तेव्हाही मी काही करू शकले नाही, गाडी शोधत नुसती रस्त्यावर उभी होते. की आता डोळ्यांसमोर दोन हजार जीव रोज निघतात आणि त्यांना रस्ता सापडत नाही, आणि या वेळी कळ माझ्या हातात आहे. दादा ऐकत उभा राहिला. तलावाच्या बाजूला धोबी फेरे घेत होते, त्यांचा आवाज इथपर्यंत येत होता. त्याने पहिल्यांदाच मान वर करून तिकडे बघितलं.

"किती दिस?" शेवटी तो म्हणाला.

"तीन. आभाळ निरभ्र असलं तर. तीन दिवसांत नाही जमलं तर मी परत मागणार नाही."

"गडीमाणसं पाठवायची न्हाई मी. ज्येंना पाखरं घालवायची हायत, त्येंनीच दारं धरायची. तुज्या त्या अकरा जणांनी. बूट, काठी, बॅटरी, दोघादोघांनी, एकट्यानं कुणी न्हाई. गाडी बांधावर चालू ठिवायची आन् दवाखान्यात औषध हाय का आधी बघून यायचं. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. बाकीच्या दहांना न विचारताच. ही माझी सवयच आहे.

गटावर मात्र कुणी कां-कूं केलं नाही. कटारिया तेवढे म्हणाले, "म्हणजे सूर्यास्ताला आपण उसात असणार? मग थवा जाताना बघणार कोण?"

प्रत्येकाला कळलं होतं. हजारो पक्षी एकाच वेळी निघताना बघणं ही आमच्यासारख्यांची आयुष्यभराची इच्छा असते, आणि ते घडवायचं तर आम्हाला खाली मान घालून व्हॉल्व्ह फिरवत बसायचं होतं. दोनशे बारा व्हॉल्व्ह होते. काझी सरांना गुडघ्यांमुळे उसात जाता येत नव्हतं, त्यांना दादाबरोबर गाडीत बसवलं. आणि खडकसांगवीचा तलाव गाडीच्या जागेवरून दिसत नाही.

पहिल्या संध्याकाळी धुळीचं वादळ आलं. आम्ही डोळे चोळत पाणी सोडलं. अंधार पडल्यावर तलावावर जाऊन बघितलं तर सगळे धोबी जागच्या जागी. कटारियांना ऊस कापून गेला, दोन्ही हात ओरखडलेले. दुसऱ्या संध्याकाळी आभाळ स्वच्छ होतं, पण शेजारच्या शिवारातला एक खांब मला बंद करता आला नाही. तो आमच्या सोसायटीचा नव्हताच. काठावर आणखी तीस मेलेले मिळाले. त्या रात्री मला नीट जेवण गेलं नाही. सकाळी उठून त्या शिवाराच्या मालकाचे पाय धरायला गेले, तर तो म्हणाला, "तुमचे बंधू काल रात्रीच येऊन गेले. आज बंद ठेवतो म्हटलंय."

दादाने मला काहीच सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या संध्याकाळी माझ्या वाट्याला विहिरीकडचा तुकडा आला. जोडीला कटारिया. ऊस डोक्याच्या वर, आत हवा नाही, पानं गालाला घासतात. काठीने पुढची जमीन आपटत जायचं, वाकून व्हॉल्व्ह फिरवायचा, पुढे. वहिनी इथेच कुठेतरी बसली असेल, असं प्रत्येक सरीत वाटत होतं. सात वाजले. पाच मिनिटं झाली. कलकल सुरू झाली, रोजच्यासारखी. मी वर बघितलं तर उसाच्या पात्यांमधून हातरुमालाएवढं आभाळ. त्यात काही नव्हतं. आवाज वाढला, डोक्यावरून गेल्यासारखा वाटला, मग कमी झाला. तो परत येईल म्हणून मी व्हॉल्व्हवर हात ठेवून थांबले. कटारियाही थांबले. आवाज परत आला नाही. ठिबकचं पाणी तेवढं वाजत होतं.

"गेले?" कटारियांनी हळूच विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. आणि अजून एकोणीस व्हॉल्व्ह राहिले होते.

बाहेर आलो तेव्हा पुरता अंधार पडला होता. गाडीजवळ दादा आणि सर नव्हते, दादाचा गडी तेवढा होता. दादा तलावाच्या बांधावर सापडला, सरांच्या घडीच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसलेला. सरांना त्याने स्वतः धरून चालवत तिथे आणलं होतं. पण थवा निघाला तेव्हा उजेड जवळजवळ संपला होता, आणि तेवढ्या अंधारात सरांची नजर काही कामाची नाही. त्यांनी फक्त ऐकलं होतं. डोळ्यांनी बघणारा दादा एकटाच.

"काय झालं? दादा, सांग ना!"

"आधी फेरा घेतला. रोजच्यासारका." तो सावकाश बोलत होता. "मग पानकणसावर बसली सगळी. चिडीचूप. मला वाटलं, आजबी न्हाई. आन् मग एक उठलं. एकटंच. मग ह्या कडंनं, मग त्या कडंनं, आन् मग जमीनच उचलल्यावानी. डोस्क्यावरनं गेली. त्या तिकडं." त्याने हात केला. उत्तर-वायव्य, अगदी नेमकं. "किती व्हती म्हनून इचारू नगंस. मला मोजता आली न्हाईत. डोळ्यातनं पानी येत हुतं."

अकरा जणांचा गट गोळा झाला होता. पाणकणसावर बॅटरी मारली. एकही धोबी नव्हता. मला आनंद झाला, आणि हेवाही वाटला. तो अजून वाटतो, खोटं कशाला बोलू. सरांनी वही काढली आणि बॅटरीच्या उजेडात निरीक्षकाच्या जागी "भारत ढवळे" असं लिहिलं.

दादा उठला नाही. उत्तरेकडेच बघत होता.

"हर्षे, रातभर उडत्यात का?"

"हो. तीनेकशे किलोमीटर जातात एका दमात. मग दिवसा कुठेतरी उतरून खातात, आणि संध्याकाळी पुन्हा निघतात."

"म्हंजे सकाळी कुठं उतरतील?"

मी मनात नकाशा मांडला. मराठवाडा ओलांडून, अजिंठ्याचा डोंगर ओलांडून. "तापीच्या काठाला. केळीच्या पट्ट्यात."

"तितं बी खांब असत्याल."

"आपल्या दसपट आहेत."

हे मला आधीच ठाऊक होतं. सरांनाही होतं. तीन दिवस आम्ही दोघांनी त्यावर बोलायचं टाळलं होतं, कारण आमच्या हातात आमच्याच खांबांची कळ होती. दादाने गुडघ्यावर हात टेकून उठत खिशातून मोबाइल काढला, डोळ्यांपासून लांब धरला आणि नावं खाली सरकवत राहिला. खांब आणायच्या खटपटीत त्याने राज्यभरच्या सोसायट्यांचे चेअरमन गोळा केले होते. एका नावावर त्याचं बोट थांबलं. पलीकडे बराच वेळ रिंग वाजत राहिली.

"महाजन अण्णा का? नमस्कार. भारत ढवळे बोलतोय, बार्शीकडनं. व्हय, व्हय, समदं बरं हाय. जेवताना फोन केला, माफ करा." त्याने एकदा अंधाऱ्या आभाळाकडे बघितलं. "न्हाई, काम हुतं. आमची पाखरं निगाल्यात तुमच्याकडं यायला. उद्या संध्याकाळी तुमचे खांब किती वाजता चालू हुत्यात?"